निरंक नोंदीचे मोल

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणारी आगगाडी दुर्ग सोडते आणि थोड्याच वेळात ‘भिलाई पावर हाउस’ अशी पाटी असलेले एक स्थानक लागते. गावांना देवतांची नावे असतात, वृक्षांची असतात, राजेरजवाड्यांची असतात; येथे मात्र एका अख्ख्या वस्तीने, तिच्या बाजारपेठेने आणि स्थानकाने वीजघराचेच नाव आपलेसे केले आहे. वीजघर म्हटले की डोळ्यांपुढे उंच धुरांडी येतात, कोळशाचे ढीग येतात, दूरवर धावत गेलेल्या तारा येतात. पाणी सहसा आठवत नाही. वस्तुतः कोळशावर चालणारे वीजघर कोळशाइतकेच पाण्यावर जगत असते. चक्र फिरवून दमलेली वाफ निववून तिचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यासाठी थंड पाण्याचा ओघ नळांतून अहोरात्र वाहता ठेवावा लागतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी आणि वसाहतीसाठी हे पाणी तांदुला जलाशयाकडून कालव्याने मरोदा तलावात येते. हा ओघ खुंटला, तर भट्टी कितीही धगधगती असो, सारा कारभार ठप्प व्हावयाचा.

असा ओघ खुंटविण्याचे सामर्थ्य बोटाच्या पेराएवढ्या एका शिंपल्यात असते, हे जगाला फार उशिरा कळले. त्या शिंपल्याच्या प्रसाराची, आणि सरोवरांच्या तळाशी जाऊन माणसाने केलेल्या त्याच्या मोजदादीची कथा मोठी उद्बोधक आहे. ती सुरू होते कॅस्पियन समुद्राकाठी. पण विशाखापट्टणमचे बंदर, मुंबईची गोदी आणि केरळातील सरोवर यांच्यापर्यंत ती येऊन पोहोचते. सरकारी दप्तरात ज्याची कोणी फारशी कदर करीत नाही, अशा एका शब्दाचे मोलही या कथेत उमगते. तो शब्द म्हणजे ‘निरंक’.

इ. स. १७६८ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्या आश्रयाने पीटर सायमन पॅलास हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ तिच्या साम्राज्यातील दूरदूरच्या प्रांतांच्या पाहणीस निघाला. कॅस्पियन समुद्र आणि उरल नदी यांच्या परिसरात त्याला अंगावर पट्टे असलेला एक लहानसा शिंपला आढळला. कोणाचे पट्टे नागमोडी, कोणाचे सरळ, तर कोणाच्या अंगावर पट्टे जवळजवळ नाहीतच. १७७१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात पॅलासने त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘पॉलिमॉर्फा’, म्हणजे बहुरूपी, असे नाव दिले. पट्ट्यांमुळेच पुढे लोक त्याला झेब्रा शिंपला म्हणू लागले. आपल्याकडचा बहुरूपी सोंगे घेऊन गावोगाव हिंडतो. हा बहुरूपी मात्र तोवर आपल्याच नद्यांत आणि खाड्यांत सुखाने नांदत होता. त्याला हिंडावयास लावले ते माणसाने.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पूर्व युरोपात कालवे खोदले गेले. काळ्या समुद्रास मिळणाऱ्या नद्या आणि बाल्टिक समुद्रास मिळणाऱ्या नद्या या कालव्यांनी एकमेकींस जोडल्या. लाकूड आणि धान्य वाहून नेणाऱ्या नावा या नव्या वाटेने जाऊ लागल्या आणि त्यांच्या तळाला चिकटून शिंपलाही निघाला. १८२४ साली तो लंडनच्या गोदीत आढळला. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो हॉलंडच्या पाण्यात दिसू लागला. १९३२ च्या सुमारास हंगेरीतील बालाटोन सरोवरात आणि १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात त्याने बस्तान बसविले. दोनशे वर्षांच्या या वाटचालीत त्याने स्वतःच्या बळावर कापलेले अंतर अगदी थोडे. बाकी सारा प्रवास त्याने माणसाच्या नावेतून फुकट केला.

या शिंपल्याला असे यश का लाभावे, हे त्याच्या देहरचनेवरून कळते. आपल्या तळ्यांत व संथ नद्यांत जे देशी शिंपले असतात ते वाळूत किंवा चिखलात अर्धवट रुतून राहतात. त्यांची अगदी बाल्यावस्थेतील पिले माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना धरून काही दिवस काढतात आणि मग तळाशी उतरतात. मासा नसला तर त्यांचा वंश पुढे जात नाही. झेब्रा शिंपल्याला असा आश्रयदाता लागत नाही. त्याची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. त्यांतून निघणारे डोळ्यांना न दिसणारे डिंभ दोनतीन आठवडे प्रवाहाबरोबर मुक्तपणे तरंगतात. मग जे कठीण म्हणून सापडेल त्यावर ते ठाण मांडतात. कोकणच्या किनाऱ्यावर शिणाणे जसे चिवट दोऱ्यांनी खडकाला बांधून घेतात, तसाच हाही आपल्या देहातून निघालेल्या तंतूंनी स्वतःला जखडून घेतो. दगड, लाकूड, लोखंडी नळ, नावेचा तळ, एवढेच काय, दुसऱ्या शिंपल्याची पाठसुद्धा त्याला चालते. एकावर एक असे थर चढत जातात. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, ही म्हण त्याला तंतोतंत लागू पडते. वाढ झालेला एक शिंपला दिवसाकाठी सुमारे एक लिटर पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म वनस्पती खातो. सरोवराचे पाणी स्वच्छ दिसू लागते आणि काठावरचा माणूस संतोष पावतो. त्या स्वच्छतेपायी लहान माशांच्या तोंडचा घास गेलेला असतो, हे त्याला काठावरून दिसत नाही.

आता १९५९ या वर्षाकडे वळू. त्या वर्षी फेब्रुवारीच्या चार तारखेस राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला सेंट लॉरेन्स जलमार्ग वाहतुकीस खुला झाला. त्या मार्गाने अटलांटिक महासागरावरची मोठमोठी जहाजे उत्तर अमेरिकेच्या पोटातील महासरोवरांत थेट शिरू लागली. दोन्ही घटना त्या काळच्या आशावादाची चिन्हे होत. दुसऱ्या घटनेत मात्र एक छिद्र राहून गेले होते. माल उतरवून रिते झालेले जहाज समुद्रावर डोलू नये म्हणून त्याच्या तळच्या टाक्यांत पाणी भरून घेतात आणि नव्या बंदरात माल चढविताना ते पाणी ओतून देतात. युरोपातील एखाद्या नदीमुखाशी भरलेले पाणी अमेरिकेच्या सरोवरात ओतले जाई आणि त्याबरोबर त्यातील जीवही ओतले जात. पाण्याचा जकातनाका कोठेच नव्हता.

१९८८ च्या जून महिन्यात कॅनडातील विंडसर विद्यापीठाचे विद्यार्थी सेंट क्लेअर सरोवराच्या तळातील जीवांचे नमुने गोळा करीत होते. हे सरोवर सुमारे अकराशे चौरस किलोमीटरांचे, पण उथळ आहे. तेथे त्यांना ओळखीचा नसलेला, खड्यांना चिकटलेला एक शिंपला सापडला. तज्ज्ञांनी तो झेब्रा शिंपला असल्याचे सांगितले. कवचांच्या आकारावरून अंदाज बांधण्यात आला की तो १९८६ च्या सुमारास तेथे आला असावा. दोन वर्षे तो तेथे राहत होता, वाढत होता आणि कोणालाही त्याची वार्ता नव्हती.

यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. सेंट क्लेअरचे पाणी ज्या ईरी सरोवरात जाते, त्याच्या पश्चिम काठावर मन्रो नावाचे शहर आहे आणि तेथे कोळशावर चालणारे एक मोठे वीजघर आहे. त्या वीजघराच्या पाणी ओढून घेणाऱ्या मार्गात १९८८ साली एका चौरस मीटरवर सुमारे दोनशे शिंपले होते. १९८९ साली त्याच जागी हा आकडा सुमारे सात लाखांवर गेला. एका वर्षात दोनशेचे सात लाख! डिसेंबर १९८९ मध्ये मन्रो शहराला पिण्याचे पाणी पुरविणारा नळ शिंपले आणि बर्फ यांनी मिळून बंद पाडला. सरोवराच्या काठी राहणाऱ्या माणसांच्या घरांतील नळांना पाणी येईना. पुढल्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकेने अशा उपऱ्या जलचरांना आळा घालण्यासाठी खास कायदा केला. बैल गेला आणि झोपा केला, अशातला हा प्रकार होता.

मात्र या साऱ्या गोंधळात एका कामाचे मोल अचानक वाढले. नालेपा आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ यांनी १९८६ सालीच सेंट क्लेअर सरोवरातील देशी शिंपल्यांची पाहणी केली होती. झेब्रा शिंपल्याचे नावही तेव्हा त्या सरोवराच्या संदर्भात कोणी घेतले नव्हते. सरोवरात कोणत्या जातीचे शिंपले कोठे व किती आहेत, एवढीच साधी जिज्ञासा तिच्यामागे होती.

सरोवराची मोजणी ही जमिनीच्या मोजणीपेक्षा निराळी असते. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमाबंदी लागू केली, तेव्हा त्यांच्या माणसांना निदान शेताचे बांध दिसत होते, मातीचा रंग हाती घेऊन पाहता येत होता, आणि चुकले तर सांगावयास शेतकरी उभा होता. पाण्याखाली बांध नाहीत, खुणेचे दगड नाहीत आणि सांगणाराही कोणी नाही. अकराशे चौरस किलोमीटरांचा तळ इंच न् इंच धुंडाळणे कोणालाच शक्य नसते. म्हणून सरोवराच्या नकाशावर ठिकाणे निश्चित करावयाची, खोली कमी तेथेही, जास्त तेथेही, नदी मिळते तेथेही आणि बाहेर पडते तेथेही. अशा प्रत्येक ठिकाणी पाणबुड्याने तळाशी उतरावयाचे, ठरीव मापाची चौकट टाकावयाची आणि तिच्या आत जे सापडेल ते सारे वर आणून मोजावयाचे. पुढल्या वेळी पुन्हा तेच ठिकाण, तीच चौकट, तीच रीत. यात चातुर्याला वाव थोडा. चिकाटीला मात्र फार. सेंट क्लेअरवर अशी एकोणतीस ठिकाणे ठरविलेली होती.

शिंपल्याचे आगमन उघडकीस आल्यावर शास्त्रज्ञ त्याच एकोणतीस ठिकाणी १९९० मध्ये पुन्हा गेले, १९९२ मध्ये गेले आणि १९९४ मध्येही गेले. १९८६ साली त्यांना अठरा जातींचे २८१ देशी शिंपले मिळाले होते. १९९० साली २४८ मिळाले, १९९२ साली ९९ आणि १९९४ साली अवघे सहा. अठरा जातींपैकी पाचच उरल्या. हे कसे घडले त्याचे उत्तरही त्या ठिकाणांच्या नकाशानेच दिले. उपरा शिंपला प्रथम सरोवराच्या आग्नेय भागात माजला आणि देशी शिंपले प्रथम तेथूनच नाहीसे झाले. मग तो वायव्येकडे सरकला आणि ऱ्हासही त्याच दिशेने सरकत गेला. देशी शिंपल्याच्या चिखलाबाहेर राहिलेल्या कवचावर उपऱ्यांचे घोस लटकत, त्याचे तोंड उघडेना, मिटेना, आणि तो उपासमारीने मरे. ही बातमी १९९४ च्या पाहणीने दिली खरी; परंतु १९८६ ची पाहणी झालीच नसती, तर १९९४ च्या सहा शिंपल्यांना काही अर्थ उरला नसता. सहा हे पूर्वी सातच होते की तीनशे होते, हे सांगणार कोण?

येथेच ‘निरंक’ या शब्दाचे महत्त्व ध्यानी येते. आपल्याकडील कचेऱ्यांतून दरमहा विवरणपत्रे पाठविण्याचा प्रघात आहे. ज्या महिन्यात कळविण्यासारखे काही घडले नाही, त्या महिन्यातही पत्रक पाठवावयाचे आणि रकान्यात ‘निरंक’ असे लिहावयाचे. कारकून ते कंटाळून लिहितो, वरिष्ठ ते न वाचता सही करतो, आणि बाहेरच्या माणसाला तो सारा प्रकार हास्यास्पद वाटतो. पण कोरा रकाना आणि निरंक रकाना यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोरा रकाना म्हणतो, येथे कोणी पाहिले नाही. निरंक म्हणतो, येथे अमुक दिवशी अमुक माणसाने पाहिले आणि तेव्हा ते नव्हते. १९८६ च्या त्या एकोणतीस ठिकाणांच्या नोंदीत झेब्रा शिंपल्यापुढे न लिहिलेले असे एक निरंक होते. पुढच्या सर्व ज्ञानाचा पाया तोच ठरला.

भारताचा या घराण्याशी संबंध आला तो समुद्राच्या बाजूने. झेब्रा शिंपल्याचा एक चुलतभाऊ कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात यांच्या किनारी राहतो. शास्त्रात त्याला ‘मायटिलॉप्सिस सॅली’ म्हणतात. त्याला खारे पाणी चालते, निमखारे चालते आणि जवळजवळ गोडेही काही काळ चालते. तोही तंतूंनी चिकटतो आणि तोही थरावर थर चढवितो. १९६७ साली तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. आंध्र विद्यापीठातील प्राध्यापक गणपती आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली त्याच्याविषयी लिहिले. १९७५ साली करंदे आणि मेनन या शास्त्रज्ञांनी भारतीय बंदरांतील हा नवा रहिवासी म्हणून त्याची ओळख करून दिली, तेव्हा मुंबईही त्याच्या मुक्कामांत जमा झाली होती. गोदीतील भिंती, जहाजांचे तळ, थंड पाणी वाहून नेणारे नळ या त्याच्या आवडत्या जागा. तो आला केव्हा, कोणत्या जहाजाबरोबर आला, पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेस कसा पोहोचला, या प्रश्नांना नेमके उत्तर नाही. उत्तर द्यावयास त्याच्या आगमनापूर्वीची निरंक नोंद हवी होती. सापडला तेव्हा तो घरचाच झाला होता. मग त्याला हाकलण्याचा प्रश्नच उरला नाही. नळ खरवडणे आणि जहाजे घासणे एवढेच हाती राहिले.

याच शिंपल्याची गाठ १९९९ साली उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराशी पडली. तेथे मात्र कथेला निराळे वळण मिळाले. डार्विनला भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे आहे. म्हणून लहान नौका ठेवण्याच्या तेथील धक्क्यांना पाणी कोंडून धरणारे दरवाजे आहेत. मार्च १९९९ मध्ये पाणबुडे पाहणीसाठी उतरले तेव्हा कलन बे येथील धक्क्यात त्यांना या शिंपल्यांचे दाट थर दिसले. काही जागी एका चौरस मीटरवर तेवीस हजारांहून अधिक शिंपले होते. पण सहाच महिन्यांपूर्वी त्याच जागेची पाहणी झालेली होती आणि तेव्हा तेथे एकही शिंपला नव्हता. या एका निरंकाने सारा निर्णय सोपा केला. पाहुणा नवा आहे, अजून फार दूर गेलेला नाही, तेव्हा त्याला येथेच गाठता येईल, असे अधिकाऱ्यांना धीटपणे म्हणता आले. दरवाजे बंद झाले. बाधित व संशयित असे तीन धक्के वेगळे काढण्यात आले. तेथून मधल्या काळात बाहेर गेलेल्या नौकांचा माग काढण्यात आला. कोंडलेल्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रव आणि मोरचूद ओतण्यात आले. त्या पाण्यातील इतर जीवही मेले, हे खरे. आणि खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला, हेही खरे. परंतु सुमारे महिन्याभरात शिंपला नामशेष झाला. बस्तान बसविलेला सागरी आगंतुक समूळ घालविल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. हे त्यांपैकी एक होय. मुंबईत आणि डार्विनमध्ये शिंपला एकच होता. फरक पडला तो सहा महिन्यांपूर्वीच्या एका कागदामुळे आणि बंद होऊ शकणाऱ्या एका दरवाजामुळे.

आपल्या देशात असे कागद करण्याची परंपरा नाही असे मात्र नव्हे. १९१४ साली कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील नेल्सन ॲनन्डेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी ओडिशातील चिल्का सरोवराच्या जीवसृष्टीची पद्धतशीर पाहणी केली. सुमारे हजार चौरस किलोमीटरांच्या त्या निमखाऱ्या सरोवरात कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर, किती खारट पाण्यात कोणता जीव मिळाला, याची नोंद त्यांनी ठेवली. मृदुकाय प्राण्यांवर त्यांचा स्वतंत्र निबंध आहे. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली, तेव्हा ॲनन्डेल तिचे पहिले संचालक झाले. त्याच संस्थेने १९८५ ते १९८७ या काळात चिल्काची पुन्हा पाहणी केली. सत्तर वर्षांपूर्वीची वही हाती असल्यामुळे काय टिकले, काय गेले आणि काय नव्याने आले, हे पाहणे शक्य झाले. गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांविषयी प्रेस्टन यांचा ग्रंथ १९१५ साली आणि सुब्बा राव यांचा १९८९ साली प्रसिद्ध झाला. कोणता शिंपला आपला आणि कोणता परका, हे ठरविण्यासाठी आजही या ग्रंथांचाच आधार घ्यावा लागतो.

अशा पायाची गरज किती तातडीची आहे, ते केरळात दिसून आले. कोल्लमजवळील अष्टमुडी सरोवरात हजारो कुटुंबे तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांच्या मासेमारीवर जगतात. ही मासेमारी शिस्तीने व बेताने होते म्हणून २०१४ साली तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात असा मान मिळविणारी ती पहिलीच. आणि २०१९ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केले की दक्षिण अमेरिकेकडील एक चिकट्या शिंपला, ‘मायटेला स्ट्रिगाटा’, केरळच्या किनाऱ्यावर झपाट्याने पसरत असून अष्टमुडीतही त्याने ठाण मांडले आहे. होडीतून हात घालून शिंपले काढणाऱ्या माणसाच्या हाती आता न विकले जाणारे काळे घोस येऊ लागले. सरोवराच्या पाहणीचा प्रश्न येथे पोटाच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भिलाईने या सर्व गोष्टींची चिंता का करावी, असे कोणी विचारील. जहाजांच्या टाक्यांतील पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ च्या सप्टेंबरात तो अमलात आला. तेव्हा मुख्य दरवाजा तरी आता लोटला गेला आहे, असेही म्हणता येईल. पण शिंपल्याला दरवाजे पुष्कळ आहेत. २०२१ साली अमेरिकेत शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत, काचपेट्यांत ठेवण्यासाठी परदेशाहून आणलेल्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांमध्ये जिवंत झेब्रा शिंपले आढळले. ते प्रथम ध्यानात आले ते सिअ‍ॅटल येथील दुकानातील एका चाणाक्ष कर्मचाऱ्याच्या. ज्या राज्यांच्या सरोवरांत हा शिंपला नव्हता, तेथेही ते गोळे टपालाने पोहोचले होते. काचपेटीतील पाणी कोणी गटारात ओतावे आणि गटाराने ते तळ्यात न्यावे, एवढाच काय तो अवकाश. मासेमाराचे ओले जाळे, एका तलावातून दुसऱ्यात नेलेली होडी, मत्स्यबीजाबरोबर आलेले पाणी, याही वाटा आहेतच.

झेब्रा शिंपला हा मूळचा थंड मुलखातला. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात तापलेले उथळ पाणी त्याला मानवणार नाही, हे समाधान खरे आहे. पण चीनमधील सोनेरी शिंपल्याला उष्ण पाण्याचे वावडे नाही. तो १९९१ साली दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाताच्या मुखाशी आढळला आणि नदीने उलटा वर चढत २००१ साली इताइपू या अवाढव्य जलविद्युत केंद्रापर्यंत जाऊन पोहोचला. तेथेही त्याने नळ आणि जाळ्या गाठल्या. मन्रोचे वीजघर कोळशाचे, इताइपूचे पाण्याचे. शिंपल्याने भेदभाव केला नाही.

भारताच्या गोड्या पाण्याच्या तलावांत झेब्रा शिंपला किंवा सोनेरी शिंपला यांनी तळ ठोकल्याची नोंद नाही. हे वाक्य दिलासा देणारे आहे. पण ते निरंक आहे की कोरे, हा प्रश्न प्रत्येक तलावापुरता निराळा विचारला पाहिजे. मरोदासारख्या तलावात निरंक नोंद करावयास फारसे काही लागत नाही. पाणी आत येते ती जागा, पाणी ओढून घेतले जाते ती जागा, होड्या लागतात तो घाट आणि मधला खोल भाग, अशी आठदहा ठिकाणे ठरवावीत. तेथे दोरीला बांधलेल्या पाट्या किंवा नळाचे तुकडे पाण्यात सोडून ठेवावेत आणि दर तीन महिन्यांनी वर काढून हाताने चाचपून पाहावेत. उपऱ्या शिंपल्याची पिले चिकटली असतील तर त्यांचा खरखरीतपणा बोटांना प्रथम जाणवतो. पाण्याचा नमुना घेऊन तो विशिष्ट दिशेने छानलेल्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर शिंपल्यांचे डिंभ काळोखात चांदण्यांसारखे चमकून उठतात. शिंपला दृष्टीस पडत नसला तरी त्याच्या देहातून पाण्यात मिसळलेल्या आनुवंशिक द्रव्याच्या खुणा ओळखण्याची रीतही आता प्रचारात आली आहे. त्याचबरोबर तळाच्या चिखलातील देशी शिंपल्यांचीही गणती व्हावी. ज्यांच्या पोटात आपले शास्त्रज्ञ गोड्या पाण्यातील मोती पिकवितात, ते ‘लॅमेलिडेन्स’ जातीचे शिंपले आपल्या तळ्यांत पिढ्यान् पिढ्या पाणी गाळीत आले आहेत. ते किती आहेत हे आज लिहून ठेवले नाही, तर उद्या किती गेले हे कळणार नाही.

असे काम करणाऱ्याला कीर्ती मिळत नाही. वर्षानुवर्षे तो पाट्या वर काढील, चाचपील आणि वहीत तोच एक शब्द लिहील. एखादा नवा अधिकारी ती वही चाळून विचारीलही, की ज्यात काहीच सापडत नाही त्या कामावर माणूस कशाला ठेवला आहे? त्या वेळी त्याच्यापुढे सेंट क्लेअरची एकोणतीस ठिकाणे आणि डार्विनचे बंद दरवाजे मांडावयास हवेत. मरोदाचे पाणी नळांतून वाहत राहील, भट्ट्या धगधगत राहतील आणि पावर हाउसच्या स्थानकावरून गाड्या धडधडत जातील. आणि एखाद्या तिमाहीस पाटीवर हात फिरविताना बोटाला काही खरखरीत लागलेच, तर मागील पानावर तारखेसह लिहिलेले ‘निरंक’ पाहून तो माणूस निश्चयाने सांगू शकेल, की पाहुणा गेल्या तीन महिन्यांत आला आहे आणि दरवाजा लावावयास अजून वेळ आहे.